एबीएसचा पिवळा दिवा आणि उलटे बसलेले बेअरिंग : रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजविषयी

गेल्या आषाढात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा (वेग घेताना चाक जागीच गरगरू न देणाऱ्या यंत्रणेचा) असे दोन पिवळे दिवे एकदमच लागले आणि पुढचे पाच आठवडे विझले नाहीत. या काळात मी गाडी तीन ठिकाणी दाखवली, चाकाचा वेग टिपणारा, गरज नसलेला एक सेन्सर विकत घेतला, ३८,००० रुपयांचे अंदाजपत्रक घेऊन घरी परतले आणि शेवटी रत्नागिरीबाहेर, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीलगत असलेल्या एका लहानशा गॅरेजमध्ये दोष सापडला. हा अभिप्राय त्या गॅरेजविषयी आहे. मालक आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच तिथे काम करतात आणि आहे तेच काम वेळेवर होत नसल्याने नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते देत नाही. मात्र त्यांनी दोष कसा शोधला हे सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या गावातले गॅरेज या कामाला योग्य आहे की नाही हे वाचकांना त्यावरून ताडता येईल.

मी नोकरीनिमित्त रोज संगमेश्वरहून रत्नागिरीला गाडीने जाते. जूनच्या सुरुवातीला डाव्या बाजूच्या पुढच्या चाकातून घूं घूं असा आवाज येऊ लागला आणि साठच्या वेगाला तो इतका वाढे की शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागे. चाकाचे बेअरिंग, म्हणजे ज्यावर चाक फिरते ते गोळ्यांचे कडे, गेल्याची ही ओळखीची खूण आहे. एका गॅरेजमध्ये मी बेअरिंग बदलून घेतले, आवाज पूर्ण थांबला, पण घरी येताना एक किलोमीटरही झाला नसेल तोच दोन्ही दिवे लागले. फोन केला तेव्हा सांगण्यात आले की पावसाचे पाणी सेन्सरमध्ये गेले असेल, सुकले की दिवा जाईल. कोकणातल्या पावसात हे कोणालाही पटावे असे उत्तर आहे आणि मलाही ते पटले. आठवडाभर वाट पाहूनही दिवे तसेच राहिले, तेव्हा दुसऱ्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने फ्यूज काढून आणि दिव्याचे कनेक्शन तोडून ‘दिवा बंद करून देतो’ असे सांगितले. मी नको म्हटले. दिवा दिसेनासा झाला तरी एबीएस बंदच राहते, आणि पुढे ती गाडी घेणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. जुनी गाडी घेताना म्हणूनच चावी फिरवून पाहावे : एबीएसचा दिवा आधी लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर काहीतरी लपवले आहे असे समजून चौकशी करावी.

तिसरे ठिकाण मोठे सर्व्हिस सेंटर होते. तिथे स्कॅनर लावल्यावर डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाचा संकेत मिळत नसल्याचा कोड आला. २,९०० रुपयांचा नवा सेन्सर बसवला गेला, कोड पुसला गेला, आणि गाडी फाटकाबाहेर पडताच दिवे पुन्हा लागले. सेन्सर नवा असूनही संकेत येत नाही, म्हणजे एबीएसचे युनिटच (सेन्सरांचे निरोप घेऊन यंत्रणा चालवणारा संगणक) निकामी झाले आहे, असा निष्कर्ष तिथे काढण्यात आला. बेअरिंग नुकतेच बदलल्याचे मी आवर्जून सांगितले होते आणि ते जॉब कार्डवर लिहिलेही गेले होते, पण दोष शोधताना त्या ओळीकडे कोणी वळून पाहिले नाही. माझी खरी तक्रार हीच आहे. कोड एवढेच सांगतो की अमुक चाकाकडून निरोप येत नाही. का येत नाही, हे सांगण्याची सोय त्या कोडात नसते. निरोप देणारे चाक, तो ऐकणारा सेन्सर, पोहोचवणारी वायर आणि घेणारे युनिट या चौघांपैकी कोण चुकते आहे ते मोजूनच ठरवावे लागते.

दिवा लागलेला असताना गाडी चालवणे कितपत धोक्याचे आहे, हे मला सांगून नव्हे तर रस्त्यावर कळले. एबीएस बंद पडले तरी साधे ब्रेक चालू राहतात, त्यामुळे गाडी थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बावनदीवरून निवळीकडे चढताना वळणापुढे एक म्हैस रस्त्यात उभी होती. मी जोरात ब्रेक दाबला. रस्ता ओला होता आणि कामावरच्या डंपरांनी आणलेली तांबडी माती त्यावर पसरलेली होती. पुढची चाके जागीच अडकली, स्टिअरिंग उजवीकडे वळवले तरी गाडी सरळच घसरत राहिली. मी ब्रेक सोडला तेव्हा चाके फिरू लागली आणि गाडी वळली. म्हैस हातभर अंतरावर राहिली. एबीएस जे काम करते ते नेमके हेच, फक्त माणसाच्या पायापेक्षा कितीतरी वेगाने : चाक अडकू लागले की त्याचा ब्रेक क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा सोडायचा, आणि हे एका सेकंदात अनेक वेळा करायचे. पायाखाली पेडल थरथरते ते त्यामुळे. थांबण्याचे अंतर सर्वच रस्त्यांवर कमी होते असे नाही. सुट्या खडीवर ते वाढूही शकते. परंतु चाक फिरत राहिल्यामुळे गाडी वळवता येते आणि घाटात तेच मोलाचे असते. त्या दिवसानंतर मी दुरुस्ती होईपर्यंत गाडी चाळीसच्या वर नेली नाही आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवले.

एका सहकाऱ्याने मिरजोळ्याचे हे गॅरेज सुचवले. पत्र्याची शेड, पुढे जांभ्याच्या चिऱ्यांचा कट्टा, आत एक हायड्रॉलिक प्रेस आणि एका टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप, असे तिथले दृश्य आहे. गॅरेजच्या मालकांनी, म्हणजे मेस्त्रींनी, गाडीला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला : ‘‘ताई, दिवा चावी फिरवल्या फिरवल्या लागतो, की गाडी हलल्यावर?’’ इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता आणि मी स्वतःही त्याचा विचार केला नव्हता. त्यांनी कोड पुसला आणि गाडी जागेवरच चालू ठेवली. वीस मिनिटे दिवा लागला नाही. मग पुतण्याला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवले, गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली, आणि शंभर पावलांत दोन्ही दिवे हजर झाले. वायर तुटलेली किंवा सेन्सर जळलेला असता तर गाडी उभी असतानाच युनिटला ते कळले असते, कारण चावी फिरवल्यावर ते प्रत्येक सेन्सरची वीजजोडणी तपासते. उभ्या गाडीत सगळे ठीक आणि चालत्या गाडीत संकेत नाही, याचा अर्थ जोडणी शाबूत आहे, पण चाकाकडून येणारा निरोपच नाही. लॅपटॉपवर चारही चाकांचे वेग चार रकान्यांत दिसत होते. तीन रकान्यांत १८, १८, १९ असे आकडे होते आणि डाव्या पुढच्या चाकाच्या रकान्यात शून्य.

यानंतर त्यांनी जे केले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यासाठीच हा अभिप्राय लिहावासा वाटला. जॅक लावून चाक काढले, एकच बोल्ट सोडवून सेन्सर बाहेर काढला, पण त्याची वायर जोडलेलीच ठेवली. फळीवरून दुसऱ्याच एका गाडीचे नवे बेअरिंग घेतले, सेन्सरचे टोक त्याच्या कडेजवळ धरले आणि बेअरिंग हाताने फिरवले. लॅपटॉपजवळ बसलेला पुतण्या मोठ्याने आकडे वाचू लागला : ‘‘तीन... पाच... सहा... परत तीन.’’ उभ्या गाडीच्या त्या चाकाला वेग आला होता. सेन्सर चांगला, वायर चांगली, आणि ज्या युनिटसाठी माझ्याकडे ३८,००० मागितले गेले होते तेही व्यवस्थित वाचते आहे, हे दोन मिनिटांत सिद्ध झाले. उरले फक्त चाकातले बेअरिंग.

आताच्या बहुतेक गाड्यांत एबीएसच्या सेन्सरसमोर दातेरी लोखंडी कडे नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो, त्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटूनपालटून बसवलेले असतात आणि चाक फिरताना ते सेन्सरसमोरून गेले की युनिट त्यावरून वेग मोजते. बेअरिंगच्या दोन्ही बाजू बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. मेस्त्रींनी एक पांढरा कागद बेअरिंगवर ठेवला आणि ग्राइंडरखाली साचलेला लोखंडाचा बारीक कीस चिमटीने त्यावर भुरभुरवला. कागदाला टिचकी मारताच कीस सरकला आणि गोलाकार, एकसारख्या अंतराच्या आडव्या रेघा उमटल्या, जणू कोणी पट्टी घेऊन आखल्या असाव्यात. बेअरिंग उलटून दुसऱ्या बाजूवर तोच कागद ठेवला तेव्हा कीस नुसता पसरून राहिला. मग माझ्या गाडीच्या सेन्सरच्या भोकात विजेरीचा उजेड टाकून त्यांनी मला आत पाहायला सांगितले. काळसर रबरी पट्टा दिसायला हवा होता तिथे धातूची चकचकीत कडा होती. जूनमध्ये बेअरिंग उलटे ठोकले गेले होते. चाक फिरण्याच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती, म्हणून आवाज गेला. पण चुंबकीय बाजू सेन्सरकडे पाठ करून बसली होती.

बेअरिंग फक्त उलटून बसवता येईल का, असे मी विचारले. त्यांनी नकार दिला आणि कारण सांगितले : घट्ट बसलेले बेअरिंग प्रेसने बाहेर काढताना सगळा जोर आतल्या गोळ्यांवर येतो, त्यांच्या खाचांवर बारीक ठसे पडतात, आणि असे बेअरिंग पुन्हा बसवले तर काही महिन्यांत तीच घरघर सुरू होते. नवे बेअरिंग कोल्हापूरहून मागवावे लागले. बसवताना त्यांनी हातोडा वापरला नाही. प्रेस वापरला, चुंबकीय बाजू कुठे आहे ते कागद-किसाने पुन्हा एकदा पाहिले, आणि एक्सेलचा नट नवा घेऊन टॉर्क पान्याने मोजून आवळला. नंतर मला शेजारी बसवून हातखंब्यापर्यंत गाडी चालवली. चारही रकान्यांत आकडे आले आणि दोन्ही दिवे गेले.

दोन दिवे एकदम का लागतात, हे अनेकांना कोडे वाटते आणि दोन दुरुस्त्यांचे बिल होईल या भीतीने माणूस घाबरतो, म्हणून इथे थोडे थांबते. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल हे दोन्ही त्याच चार सेन्सरांवर चालतात. ब्रेक लावताना चाक अडकते आहे का, हे एबीएस पाहते. वेग घेताना चाक जागीच गरगरते आहे का, हे ट्रॅक्शन कंट्रोल पाहते. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की दोघांचाही हिशोब चुकतो, म्हणून युनिट दोन्ही बंद ठेवते, आणि ज्या गाड्यांत चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय असते तीही बरोबर बंद पडते. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा चिखलात किंवा वाळूत नुसता लुकलुकत असेल तर तो दोष नव्हे. यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. हँडब्रेक सुटलेला आहे ना ते पाहावे, ब्रेक ऑईलची पातळी पाहावी, आणि मदत बोलवावी. कारण त्या स्थितीत पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते आणि मागची चाके आधी अडकून गाडी फिरू शकते.

बॉश कंपनीने विकसित केलेले इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या एस-क्लास गाडीत आले. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ते सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले, त्यामुळे आज तालुक्याच्या गावातल्या साध्या गाडीतही ते असते. दुरुस्तीचे ज्ञान मात्र त्याच गतीने तालुक्यापर्यंत आलेले नाही. माझ्या भाच्याने ऑनलाइन मागवलेले स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मी सुरुवातीला लावून पाहिले होते. त्याने ‘दोष नाही’ असे दाखवले. असली साधने बहुतेक फक्त इंजिनाचे कोड वाचतात, एबीएसच्या युनिटपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्यावर विसंबून कोणी निश्चिंत होऊ नये.

या गॅरेजकडे मला नोव्हेंबरमध्ये पुन्हा जावे लागले आणि त्या वेळचा अनुभवही पहिल्याइतकाच चांगला आहे. दिवाळीत आम्ही जयगडहून तवसाळला फेरीबोटीने गाडी नेली आणि पुढे गुहागरला गेलो. परतल्यावर दोनेक आठवड्यांनी दिवे कधी लागत, कधी आपोआप जात; खड्ड्यात गाडी आदळली की हमखास लागत. या वेळी कोड उजव्या मागच्या चाकाचा होता. मेस्त्रींनी नवा सेन्सर सुचवला नाही. त्यांनी मागच्या चाकाजवळचा कपलर, म्हणजे सेन्सरची वायर जोडणारा सांधा, उघडला, तर तांब्याच्या पिनांवर हिरवट थर जमला होता आणि एक पिन बोटाने हलत होती. फेरीच्या डेकवर उडणारे खारे पाणी, किनाऱ्यावरची दमट हवा आणि चार महिने न थांबणारा पाऊस यांमुळे कोकणात कपलर असेच कुजतात, असे त्यांनी सांगितले. सेन्सर जाण्यापेक्षा कपलर गेलेले अधिक असतात. काळी पडलेली वायर त्यांनी तांबडे, स्वच्छ तांबे दिसेपर्यंत मागे कापली, नवी पिन लावली, सील बदलले. सेन्सरच्या बैठकीवर चढलेला गंज पॉलिश पेपरने घासून काढला, कारण गंजाचा थर फुगला की सेन्सर वर उचलला जातो आणि त्याचे चाकातल्या पट्ट्यापासूनचे अंतर वाढून संकेत दुबळा होतो. या सर्व कामाचे ४०० रुपये घेतले. फेरीवरून किंवा पुळणीवरून आल्यावर त्याच दिवशी चाकांच्या आतल्या बाजूंनी गोडे पाणी मारावे, असा सल्ला दिला, आणि मी तो पाळते आहे.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. बेअरिंग दुसऱ्या दिवशी येईल असे सांगून चौथ्या दिवशी आले आणि मधल्या काळात मला कोणी कळवले नाही. मी एसटीने येऊन परत गेले. फोन बहुधा उचलला जात नाही. बिल वहीच्या पानावर हाताने लिहिलेले मिळते, त्यावर कोड लिहून द्या असे मागावे लागते. काही कंपन्यांच्या अगदी नव्या मॉडेलसाठी त्यांचा स्कॅनर चालत नाही, पण ते तसे आधीच सांगतात आणि तपासणीचे पैसे घेत नाहीत. बसण्याची सोय म्हणजे तो चिऱ्यांचा कट्टा. भर पावसात तिथे पाण्याची झड येते, त्यामुळे वयस्कर माणसाला सोबत नेऊ नये.

पहिल्या भेटीचा खर्च असा झाला : तपासणी ५०० रुपये, बेअरिंग २,२००, एक्सेलचा नट १५०, मजुरी १,२००, एकूण ४,०५०. काढलेले बेअरिंग आणि नट त्यांनी न मागता पिशवीत घालून माझ्या हाती दिले. ते बेअरिंग घेऊन मी जूनमध्ये काम केलेल्या गॅरेजमध्ये गेले आणि कागदावर लोखंडाचा कीस टाकून दाखवला. तिथल्या मुलाने तो कागद बराच वेळ न्याहाळला, दोन्ही बाजूंवर स्वतः ठेवून पाहिला, आणि जूनमधल्या कामाची मजुरी मला परत केली.